शाळेत तारपा आणताय? या चुका टाळा

पहिली चूक वाटेतच होते. जव्हार-मोखाड्याहून निघालेली गाडी दुपारी शाळेच्या आवारात उन्हात उभी राहते, काचा बंद आणि तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, मागच्या सीटवर. सुकवलेल्या भोपळ्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या असतात, त्या मधमाश्यांच्या मेणावर. मेण वितळायला साठेक अंश लागतात, पण ते मऊ पडतं त्याच्या कितीतरी आधी. चार वाजता मुलं गोल करून बसतात, वादक फुंकतो आणि सुराऐवजी नुसती फस्स! सांध्यातून हवा जातेय.

मग कुणीतरी धावत एम-सील आणतं. ही त्याहून मोठी चूक. नळीच्या भोपळ्यातल्या टोकाला कापलेली जीभ, म्हणजे थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी असते. सूर जुळवायला नळी पुन्हा काढावी लागते; जिभेवर मेणाचा कण चिकटवला की सूर खाली येतो. एम-सील लावल्यावर नळी काढायला जाल तर भोपळाच फुटेल. त्यापेक्षा सुपारीएवढं मेण सोबत ठेवा, तळहातावर मळा, सांध्यावर दाबा, वरून अंगठा फिरवा. झालं.

तारपा सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

चाळीस मुलांना रांगेत उभं करून फुंकायला देऊ नका. थुंकीने जीभ भिजते, सूर घसरतो, आणि आजारही पसरतात. शिवाय कसब श्वासात आहे: गालांत हवा साठवायची, ती बाहेर ढकलतानाच नाकाने श्वास घ्यायचा. पेलाभर पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे न तुटता अर्धा मिनिट चालू दे, मगच तारप्याला हात. याला आठवडे लागतात. एका तासिकेत ‘वाजवून बघू दे’ म्हणणाऱ्या शिक्षकांनी आधी स्वतः पेला घ्यावा.

तारप्याला पुंगी म्हणू नका. ताडाच्या पानांचा तो लांब कर्णा पुंगीला कुठे असतो?

स्नेहसंमेलनात हमखास होणारी चूक म्हणजे मुलांना प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत नाचवणं, वादक कोपऱ्यात. वारली चित्र नीट बघा: तारपेवाला मधोमध, हातांत हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती वळत जातात, आणि तारप्याला पाठ दाखवत नाहीत. म्हणून रंगमंच सोडा, मैदानात उतरा, प्रेक्षक चहूबाजूंनी बसवा. रेकॉर्डिंग तर लावूच नका. वादक सूर बदलतो तेव्हा पावलं बदलतात. स्पीकरला समोरची दमलेली पावलं दिसत नाहीत.