नाव एकाचे, नाणे दुसऱ्याचे : ग्रीक आणि मध्ययुगीन इंग्रजी नाणी कशी ओळखावीत

शिवराई जमवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. नाण्यावर ‘श्री राजा शिव’ लिहिले आहे म्हणून ते शिवाजी महाराजांच्याच काळातले असेल असे नाही. महाराजांच्या नावाची शिवराई पुढे छत्रपतींच्या वारसांच्या काळात आणि पेशवाईतही पाडली गेली. म्हणून जाणकार माणूस नावावर थांबत नाही. अक्षरांचे वळण, टिंबांची कड आणि वजन पाहतो.

ग्रीक आणि मध्ययुगीन इंग्रजी नाण्यांना हीच सवय लावावी लागते. अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्ये वारला, पण त्याच्या नावाची चांदी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसोस आणि मेसेंब्रिया या शहरांत इ. स. पू. पहिल्या शतकापर्यंत पाडली जात होती. इंग्लंडमध्ये ११८० ते १२४७ या काळात चार राजांनी राज्य केले : दुसरा हेन्री, रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री. तिथल्या पेनी या चांदीच्या छोट्या नाण्यावर मात्र नाव एकच, ‘हेन्रिकस रेक्स’. तेव्हा नाव वाचण्याची घाई करू नका. आधी तोला, मग चित्र पाहा, मग अक्षरांकडे वळा.

साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, शक्यतो तपासणीच्या वजनासह. दहापट मोठे दाखवणारे भिंग. रुंदी मोजायला प्लास्टिकच्या जबड्याचा कॅलिपर. पोलादी असेल तर जबड्यांना कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर चांदीवर ओरखडा उठतो. एक टेबललॅम्प, पातळ दोरा, उकळून गार केलेले पाणी. नाणे नेहमी कडेला धरा आणि खाली मऊ कापड अंथरा. दोन हजार वर्षे जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते आणि फरशीवर पडली तर काचेसारखी फुटते. याच कारणाने नाणे आपटून आवाज ऐकण्याची सराफी पद्धत इथे वापरू नका.

पायरी १ : वजन

ग्रीक जगात प्रत्येक शहर आपापल्या वजनमापाने नाणी पाडत असे. त्यामुळे नुसत्या वजनावरून निम्मे पर्याय गळतात. अथेन्सच्या मापाचा ड्राक्म (ग्रीकांचे नेहमीचे चांदीचे नाणे) सुमारे ४.३ ग्रॅमचा आणि चार ड्राक्मचा टेट्राड्राक्म १७.२ ग्रॅमचा. अलेक्झांडरने हेच माप घेतले. एजिना बेटाचा कासवछाप स्टेटर (तिथले मोठे नाणे) १२.२ ग्रॅमच्या आसपास, तर कॉरिंथचा ८.६ ग्रॅमचा. भारताच्या वायव्येला राज्य करणाऱ्या मिनँडरसारख्या इंडो-ग्रीक राजांचा ड्राक्म मात्र साधारण २.४५ ग्रॅमचाच. (आपल्या शिलालेखांतला ‘द्रम्म’ आणि बोलण्यातला ‘दाम’ हे दोन्ही शब्द या ड्राक्मचेच वंशज.)

इंग्रजी पेनीच्या बाबतीत वजन जवळजवळ सालच सांगते, कारण ते टप्प्याटप्प्याने उतरत गेले. पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये नवी पेनी काढली ती सुमारे १.४४ ग्रॅमची. १३५१ मध्ये पेनी १.१७ वर आली, १४१२ मध्ये ०.९७ वर आणि १४६४ मध्ये ०.७८ ग्रॅमवर. चार पेनींचा ग्रोट १३५१ मध्ये ४.६७ ग्रॅमचा होता. पुढे तो ३.८९ आणि मग ३.११ झाला.

नवखा माणूस चुकतो तो इथे. एक ग्रॅमची एडवर्डची पेनी हाती आली की तो ती थेट १३५१ नंतरची ठरवतो. आधी कड पाहा. चांदी चोरण्यासाठी लोक नाण्याची कड कातरत. बाहेरच्या वर्तुळातल्या अक्षरांची डोकी तुटलेली असतील तर पेनी जड मापाची, पण कातरलेली आहे. अक्षरे पूर्ण आणि बाहेर टिंबांची रांगही शाबूत असेल, तरच हलके वजन हे खरे वजन.

पायरी २ : पाण्यातले वजन

ही चाचणी फुकटात होते आणि नाण्याला धक्का लागत नाही. छोट्या ग्लासात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असे पाण्यात लटकवा. तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. काट्यावर येणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा.

१७.२० ग्रॅमच्या नाण्याने १.६५ दाखवले तर उत्तर १०.४ येते; शुद्ध चांदीचे १०.५ असते, तेव्हा हे ठीक. तेच १.९५ दाखवले तर उत्तर ८.८, म्हणजे आत तांबे आहे. उत्तर ११ च्या पुढे गेले तर शिशाचा संशय घ्या. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की उत्तर कमी येते, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका.

हीच चाचणी पेनीवर याच काट्याने करू नका. १.४० ग्रॅमच्या पेनीचा आकडा ०.१४ च्या जवळपास येतो. काटा ०.१३ दाखवेल तर उत्तर १०.८, ०.१५ दाखवेल तर ९.३. एवढ्या फरकावरून काहीच ठरत नाही. त्यासाठी ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो.

आत तांबे निघाले म्हणजे नाणे आजचे खोटे, असेही नाही. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी त्या काळीही निघत. स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस चांदी संपल्यावर खुद्द अथेन्सने तशी नाणी काढली होती. अथेन्सच्या घुबडछाप नाण्यांवर दिसणारा खोल छिन्नीचा घाव बहुधा याच तपासणीचा असतो. घेणाऱ्याने आत काय आहे ते बघून घेतलेले असते.

पायरी ३ : ग्रीक नाण्यावरचे चित्र

पुष्कळ ग्रीक शहरांनी आपल्या नावावर कोटी करणारे चित्र निवडले. ऱ्होड्सवर गुलाब, कारण ग्रीकमध्ये गुलाब म्हणजे ‘ऱ्होडोन’. सेलिनसवर ‘सेलिनोन’ या रानटी सेलरीचे पान, फोकाइयावर ‘फोके’ म्हणजे सील हा समुद्री प्राणी. कॉरिंथवर पंखांचा घोडा पेगासस आणि त्याच्या पोटाखाली कोप्पा हे जुने अक्षर : वर्तुळ आणि खाली दांडी. एजिनाचे कासव नीट पाहा. आधीच्या नाण्यांवर ते गुळगुळीत पाठीचे समुद्री कासव आहे, इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यानंतर खवल्याखवल्यांच्या पाठीचे जमिनीवरचे.

अथेन्सच्या घुबडावर मात्र वेळ घालवा, कारण सर्वांत जास्त नकला त्याच्याच निघतात. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी उजवीकडे पाहते आणि शिरस्त्राणावर ऑलिव्हची पाने असतात. मागे घुबड उजवीकडे वळून उभे, पण चेहरा आपल्याकडे. त्याच्या डाव्या खांद्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि छोटी चंद्रकोर; उजवीकडे अल्फा, थीटा, एप्सिलॉन, म्हणजे ‘अथे’. काळ ठरवायचा तर अथेनाचा डोळा पाहा. चेहरा बाजूने असूनही डोळा समोरून काढल्यासारखा बदामी असेल तर नाणे इ. स. पू. पाचव्या शतकातले. बाजूने दिसतो तसा, पुढे उघडा असेल तर चौथ्या शतकातले किंवा नंतरचे. नाणे पसरट, पातळ आणि घुबड आडव्या सुरईवर उभे असेल तर ते इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या नव्या धाटणीचे.

पायरी ४ : ग्रीक अक्षरे

चोवीस मोठी अक्षरे पाठ करायला दोन संध्याकाळी पुरतात. मराठी माणसाला व्याकरण तर ओळखीचेच, कारण नाण्यावरचे नाव बहुधा षष्ठीत असते. ‘अलेक्झांड्रू’ म्हणजे अलेक्झांडरचे, ‘सिराकोसियोन’ म्हणजे सिराक्यूजकरांचे. शेवटी ‘ऊ’ किंवा ‘ओस’ दिसले तर एक माणूस, ‘ओन’ दिसले तर शहराचे लोक. मिनँडरच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या वायव्येकडच्या जुन्या लिपीत ‘महाराजस त्रातारस मेनंद्रस’. दोन्हीकडे षष्ठीच. ग्रीक अक्षरे आपल्या घराजवळही सापडतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक लिपी आहे, आणि बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

अलेक्झांडरचे नाणे आले की अक्षरे सोडून सिंहासनाकडे जा. दर्शनी बाजूला सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लिस, मागे बसलेला झ्यूस, हातावर गरुड. झ्यूसचे पाय समांतर असतील तर नाणे बहुधा अलेक्झांडरच्या हयातीतले आणि एकावर एक असतील तर नंतरचे, असा ढोबळ आडाखा आहे. सगळ्या टांकसाळींनी ही रीत एका वेळी बदललेली नाही, म्हणून केवळ पायांवर निकाल देऊ नका. झ्यूससमोरची छोटी खूण आणि सिंहासनाखालची जोडाक्षरे (एकात एक गुंफलेली ग्रीक अक्षरे) टांकसाळ सांगतात. उदाहरणार्थ, गलबताचा नाळ, म्हणजे पुढचे टोक, ही मॅसिडोनियातल्या अँफिपोलिसची खूण. त्यानंतर रुंदी मोजा. तीस मिलिमीटरच्या पुढची पसरट चकती जवळजवळ नक्की अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरची. जोडाक्षरे जुळवायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘पेला’ ही ऑनलाइन सूची मोफत आहे.

पायरी ५ : इंग्रजी पेनी

आधी मागच्या बाजूचा क्रूस पाहा. क्रूस दुहेरी रेघेचा, आखूड, आतल्या वर्तुळातच संपणारा आणि प्रत्येक कोनात चार टिंबांची फुली : ११८० ते १२४७. दुहेरी रेघेचाच, पण कडेपर्यंत पोहोचणारा आणि कोनांत तीन-तीन टिंबे : १२४७ ते १२७९. क्रूस कडेपर्यंत नेला तो कातरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. एकाच भरीव रेघेचा क्रूस आणि तीन-तीन टिंबे : १२७९ नंतरची. कोनांत टिंबांऐवजी तारे आणि चेहरा बाजूने असेल तर पेनी स्कॉटलंडची. चेहरा त्रिकोणात असेल तर आयर्लंडची. डोक्यावर मुकुटाऐवजी फुलांची माळ असेल तर ती नेदरलँड-बेल्जियमकडची नक्कल. असे परके माल एडवर्डच्या काळात इतके वाढले की त्यांच्यावर बंदी घालावी लागली.

मग मजकूर वाचा. बारा वाजता असलेल्या छोट्या क्रूसापासून घड्याळाच्या दिशेने सुरुवात करा. आखूड क्रूसाच्या पेनीच्या मागे टांकसाळ्याचे नाव, मध्ये ‘ऑन’ आणि मग गाव. नाव दर्शनी बाजूला ‘हेन्रिकस’ असले तरी चारपैकी कोणता राजा ते मागच्या टांकसाळ्यावरून आणि समोरच्या केसांच्या कुरळ्यांवरून ठरते. १२०५ च्या सुमाराच्या काही नाण्यांवर इंग्रजी ‘एस’ उलटा कोरलेला आहे. तो दिसला की ती जॉनची. १२७९ पासून टांकसाळ्याचे नाव गेले (बरी सेंट एडमंड्सचा रॉबर्ट द हॅडली तेवढा काही काळ टिकला) आणि फक्त गाव उरले : ‘सिव्हितास लंडन’, ‘सिव्हितास कँटोर’ म्हणजे कँटरबरी, ‘एबोरासी’ म्हणजे यॉर्क, ‘व्हिला नोव्हिकास्त्री’ म्हणजे न्यूकॅसल. समोर ‘एडवर्ड’ किती अक्षरांत लिहिले तेही मोजा. नुसते ‘ईडीडब्ल्यू’ असेल तर पहिला एडवर्ड जवळजवळ नक्की. ‘एडवा’ असेल तर पहिला किंवा दुसरा, आणि मग मुकुटाच्या आकारावरून ठरवावे लागते.

ग्रोटवर तिसऱ्या एडवर्डचे राजकारणच वाचता येते. १३५१ ते १३६० तो स्वतःला फ्रान्सचाही राजा म्हणवतो. फ्रान्सशी झालेल्या ब्रेतिन्यीच्या तहानंतर फ्रान्स गळतो आणि अ‍ॅक्विटेन हा नैऋत्य फ्रान्समधला प्रांत येतो. १३६९ पासून फ्रान्स पुन्हा हजर.

खोटी नाणी

ओतीव नाणे कडेवरून सापडते. भिंगाखाली कडेभोवती बारीक शिवण किंवा ती घासल्याच्या समांतर रेघा दिसतात, सपाट भागात गोल खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या विरघळलेल्या वाटतात. ठशाने पाडलेले खोटे नाणे जास्त धोक्याचे. जर्मनीच्या कार्ल बेकरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे ठसे कोरले होते, आणि त्याच्या नाण्यांना शिवण नसते. इथे जुळी शोधा. हातोड्याने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो. पण कडेचा आकार, चित्र सरकल्याचे अंतर आणि चीर ही तिन्ही एकसारखी असू शकत नाहीत. लिलावांच्या जुन्या छायाचित्रांत नेमके तेच नाणे दुसऱ्या वजनाने दिसले तर सौदा सोडा.

घेताना

बिल, नाण्याचा पूर्वीचा मालक किंवा लिलाव यांची नोंद, आणि खोटे निघाल्यास परत घेण्याची लेखी हमी. तिन्ही नसेल तर घेऊ नका. ग्रीसमध्ये जमिनीत सापडलेले प्राचीन नाणे सरकारचे असते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी मेटल डिटेक्टर घेण्याआधी जमीनमालकाची परवानगी घ्यावी. तीनशे वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावे लागते. भारतात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

जपताना

चिंच, लिंबू, पितळ घासायची भुकटी यांना नाण्याजवळ फिरकू देऊ नका; गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. वाकलेली पेनी सरळ करू नका, ती तुटते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत काही वर्षांत चांदीवर हिरवा चिकट थर येतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो, पण मायलार या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची पाकिटे घेतलीत तर ती वेळच येत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा तापवून कोरडे करा. तांब्या-काशाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर त्याच दिवशी ते बाकीच्यांपासून वेगळे करा. ती ओलाव्याने पसरते आणि नाणे खाऊन टाकते.

प्रत्येक पाकिटात चिठ्ठी ठेवा : वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे ठसे एकमेकांशी किती वाजताच्या कोनात आहेत ते, कुठून आणि कधी घेतले, आणि ओळख. ओळख पेन्सिलीने लिहा, कारण ती बदलण्याची वेळ येते.