उंची दाखवणारे घड्याळ घेताना आणि वापरताना या चुका टाळा

सोलापुरातून सह्याद्रीकडे निघणाऱ्या मंडळींच्या मनगटावर अल्टिमीटरचे घड्याळ आता सर्रास दिसते आणि ते उंची चुकीची दाखवते, ही तक्रारही तितकीच सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा दोष घड्याळाचा नसतो. हे घड्याळ हवेचा दाब मोजते आणि त्यावरून उंचीचे गणित मांडते, एवढेच ध्यानात घेतलेले नसते.

पहिली चूक खरेदीच्या वेळीच होते. खोक्यावर उंचीचा उल्लेख दिसला म्हणून आत दाबसंवेदक असेलच असे नाही. गार्मिन कंपनीच्या फोररनर ५५ या घड्याळात जीपीएस आहे, पण दाबसंवेदक नाही. त्याच कंपनीच्या इन्स्टिंक्टमध्ये दोन्ही आहेत. कॅसिओच्या प्रो ट्रेकच्या अनेक घड्याळांत दाबसंवेदक आहे, मात्र जीपीएस नाही. निव्वळ जीपीएसवरून काढलेली उंची कड्याच्या पोटाशी किंवा दाट झाडीत बरीच हेलकावे खाते, त्यामुळे दिवसभराच्या एकूण चढाईचा आकडा फुगतो. अर्थात, ज्यांचे धावणे सिद्धेश्वर तलावाच्या परिसरातच संपते, त्यांनी अल्टिमीटरसाठी जादा पैसे मोजू नयेत; त्याऐवजी जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास टिकते, ते पाहावे.

दुसरी चूक म्हणजे एकदा उंची जुळवली, म्हणजे त्या जागेची माहीत असलेली उंची घड्याळात भरली, की काम झाले असे मानणे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५५ ते ४६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेत सुमारे ९ मीटर चढल्यावर दाब १ हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचे एकक) उतरतो. आपल्याकडे हवामान शांत असतानाही सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वाढलेला असतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास तो उतरलेला असतो. हा फरक ३ हेक्टोपास्कलचा धरला, तरी घरात बसल्या बसल्या घड्याळ दुपारपर्यंत पंचवीस-तीस मीटर ‘चढलेले’ दिसते. म्हणून उंची जुळवायची ती चढाई सुरू करण्यापूर्वी, पायथ्याच्या गावी. सराव करायचा असेल, तर रेल्वे स्थानकावरचा पिवळा फलक सोयीचा. त्याच्या तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मोबाइलमधल्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये, कारण काही अॅप समुद्रसपाटीऐवजी उपग्रहांच्या गणितात पृथ्वीसाठी धरलेल्या काल्पनिक लंबगोलापासूनची उंची दाखवतात आणि आपल्या भागात ती पन्नास मीटरहून अधिक कमी भरते.

उन्हाळ्यातल्या चढाईत आणखी एक गोष्ट घडते. घड्याळाचे गणित समुद्रसपाटीला १५ अंश तापमान गृहीत धरते. प्रत्यक्षात हवा त्या गणितातल्या तापमानापेक्षा वीसेक अंशांनी अधिक तापलेली असेल, तर हजार मीटरची चढाई साठ-सत्तर मीटर कमी दिसते. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ ऐवजी थोडा कमी आकडा आला, तर घड्याळ बिघडले असे समजू नये. माथ्यावरच आकडा दुरुस्त करून उतरायला लागावे.

चढत असतानाही आकडा एकाच जागी अडून राहिला किंवा एकदम उडी मारू लागला, तर घड्याळाच्या कडेची, दाबसंवेदकाकडे हवा नेणारी बारीक छिद्रे पाहावीत. घाम, धूळ आणि सनस्क्रीन यांचा थर तेथे बसतो. तो टाचणीने कोरू नये, आतला पडदा फाटतो. साध्या कोमट पाण्यात घड्याळ थोडा वेळ ठेवून नीट वाळू द्यावे. छिद्रांत पाणी असेपर्यंत आकडा चुकीचाच येतो. तापमानही मनगटावर खरे कळत नाही, त्यासाठी घड्याळ काढून वीसेक मिनिटे सावलीत ठेवावे लागते.

वादळाचा इशारा चढाईत वाजला, तर घड्याळ दाबमापकाच्या स्थितीत, म्हणजे दाबातला बदल उंचीचा न धरता हवामानाचा धरणाऱ्या स्थितीत, राहिले आहे का, ते आधी तपासावे, कारण चढल्यामुळे उतरलेला दाब त्याला बिघडत्या हवामानासारखाच भासतो. मुक्कामाला मात्र हीच स्थिती मुद्दाम लावून झोपावे आणि सकाळी निघताना आदल्या संध्याकाळी नोंदवलेली उंची पुन्हा भरावी.