सर्व्हरवरची तारीख आणि साडेपाच तासांचा फरक

कळंगुटच्या गेस्टहाऊसचं बुकिंग ॲप धरा. लंडनच्या पाहुण्याने ३० डिसेंबर २०२५ ला रात्री ८ वाजता पैसे भरले, तेव्हा गोव्यात ३१ तारखेच्या पहाटेचा दीड वाजलेला. ही रक्कम कुठल्या दिवसाच्या गल्ल्यात? मालकाचा दिवस गोव्याच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणून ३१ च्या.

टेबल बनवतानाच दोन गोष्टी वेगळ्या करा. पैसे भरणं, रद्द करणं हे क्षण आहेत. ते यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत ठेवा; भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये त्यासाठी टाइमस्टॅम्पटीझेड हा कॉलमचा प्रकार. चेक-इन मात्र क्षण नव्हे, नुसती तारीख. तिला डेट कॉलम द्या. चेक-इन ‘३१ ची मध्यरात्र’ म्हणून साठवलंत, तर यूटीसीत ते ३० तारीख १८:३० होतं, आणि खोली एक दिवस आधी अडते.

टाइमस्टॅम्पटीझेडच्या नावावर जाऊ नका, त्यात टाइम झोन साठत नाही. पाहुण्याचा झोन हवा असेल तर ‘युरोप/लंडन’ हे नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. +०१:०० असा आकडा ठेवून भागत नाही, कारण लंडनची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

सगळ्यात जास्त घोळ दिवसाच्या रिपोर्टमध्ये होतो. यूटीसी वेळेतून थेट तारीख कापली की गोव्यातल्या रात्री १२ ते पहाटे साडेपाचची सगळी बुकिंगं आदल्या दिवसावर जातात, आणि डिसेंबरात इथे रात्रीच धंदा जोरात असतो. म्हणून आधी ‘एशिया/कोलकाता’मध्ये दिवसाची सुरुवात काढा, ती यूटीसीत न्या आणि मग शोधा. ३१ डिसेंबरसाठी: ३० तारीख १८:३० किंवा त्यानंतर, आणि ३१ तारीख १८:३० च्या आधी. ‘२३:५९:५९ पर्यंत’ लिहू नका, शेवटच्या सेकंदातल्या नोंदी गळतात. असं शोधताना कॉलमवर फंक्शन लावावं लागत नाही, त्यामुळे साधा इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) वापरला जातो.

पायथनमध्ये आत्ताची यूटीसी वेळ देणारं यूटीसीनाऊ हे फंक्शन सोडा, ३.१२ पासून तो मोडीत काढायच्या यादीत आहे. त्यातून मिळणाऱ्या वेळेला झोनच नसतो. त्यावर टाइमस्टॅम्प (१९७० पासूनचे सेकंद) मागितला की पायथन ती वेळ मशीनची स्थानिक वेळ समजतो: यूटीसीवरच्या सर्व्हरवर उत्तर बरोबर, पणजीतल्या लॅपटॉपवर साडेपाच तास मागे. त्याऐवजी नाऊ फंक्शनला यूटीसी झोन द्या, बाकी झोनसाठी पायथनचं झोनइन्फो मॉड्यूल वापरा. जुन्या कोडात पायटीझेड या लायब्ररीतला कोलकात्याचा झोन सरळ तारखेच्या टीझेडइन्फोला दिलेला असेल तर ०५:३० ऐवजी ०५:५३ मिळतो. ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. तिथे पायटीझेडचंच लोकलाइझ फंक्शन वापरायचं. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनर इमेजमध्ये झोन सापडत नसेल तर झोनची माहिती असलेलं टीझेडडेटा पॅकेज टाका.

जावात तारखेच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी लहान वाय (y) लिहा. मोठा वाय (Y) आठवड्याचं वर्ष देतो, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते, आणि ३१ डिसेंबर २०२५ चं बिल २०२६ चं छापून येतं.

टेस्टमध्ये घड्याळ बाहेरून द्या, कोडात थेट ‘आत्ता’ मागू नका. मशीनचा झोन एकदा यूटीसी, एकदा एशिया/कोलकाता ठेवून दोन क्षण तपासा: ३१ डिसेंबर १८:२९:५९ यूटीसी आणि १८:३०:०० यूटीसी. पहिला ३१ च्या रिपोर्टमध्ये यायला हवा, दुसरा १ जानेवारीच्या.