गाडलेल्या चुंबकीय थरांचं एक्सएमसीडी : या चुका टाळा

एक्सएमसीडी म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरण झालेल्या एक्स-रेचं शोषण दोन उलट दिशांना मोजायचं आणि त्यातल्या फरकावरून थराचं चुंबकत्व काढायचं.

"सर, सिग्नलच येत नाही," असा फोन आला की माझा प्रश्न ठरलेला: वर कॅप, म्हणजे संरक्षक थर, किती नॅनोमीटरची?

खारघरच्या एका पीएचडीच्या मुलाने पावसाळ्यातल्या दमट हवेच्या धास्तीने ३ नॅनोमीटर कोबाल्टवर १० नॅनोमीटर प्लॅटिनम चढवलं आणि गडी सँपल घेऊन इंदूरला इंडस-२ वर, म्हणजे तिथल्या सिंक्रोट्रॉन एक्स-रे स्रोतावर, गेला. मोजणी कशी, तर टोटल इलेक्ट्रॉन यील्ड (एक्स-रे पडल्यावर सँपलमधून सुटणारे सगळे इलेक्ट्रॉन मोजायचे), कारण ती सोपी. इलेक्ट्रॉन सुटण्याची खोली अडीच नॅनोमीटर धरा. १० नॅनोमीटरच्या कॅपखालून जेमतेम २ टक्के वर येतात. ७७८ इलेक्ट्रॉन व्होल्टला, कोबाल्टच्या एल-३ कडेवर (जिथे कोबाल्टचं शोषण एकदम वाढतं), नुसती खरखर. रात्रभर तो मॅग्नेटला दोष देत बसला. हा हिशेब कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचा, पण घाई असली की तोच करायचा राहतो. कॅप २ नॅनोमीटरची असती तर निम्म्याच्या आसपास सिग्नल हाती लागला असता. मी ॲल्युमिनियम किंवा प्लॅटिनम २-३ नॅनोमीटरच्या वर जाऊ देत नाही, आणि सँपल व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवतो. वाशीच्या जुलैत प्लास्टिकच्या डबीवर माझा विश्वास नाही.

कॅप जाड हवीच असेल तर फ्लुरोसेन्स (सँपलमधून परत बाहेर पडणारे एक्स-रे) घ्या, तो खोलवरून येतो. पण लगेच सम रूल (स्पेक्ट्रमवरून चुंबकीय मोमेंट काढायची सूत्रं) लावून मोकळे होऊ नका. थर १०० नॅनोमीटरचा असला तर सेल्फ-ॲब्सॉर्प्शनमुळे (एक्स-रे थरातच शोषले गेल्याने) एल-३ चं शिखर शेजारच्या एल-२ पेक्षा जास्त दबतं आणि ऑर्बिटल मोमेंटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या गतीमुळे येणाऱ्या चुंबकत्वाचा, आकडा चुकतो. "इंटरफेसवर ऑर्बिटल मोमेंट बदलला" असं म्हणणारे निष्कर्ष मी आधी याच संशयाने वाचतो. हार्ड एक्स-रे फोटोइमिशनचा पर्याय आहे, तिथे इलेक्ट्रॉन काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात, म्हणून जास्त खोलवरून निसटतात.

काच किंवा एमजीओ (मॅग्नेशियम ऑक्साइड) सारख्या इन्सुलेटर सब्स्ट्रेटवर, म्हणजे फिल्मच्या खालच्या आधारावर, फिल्मच्या वरच्या बाजूपासून होल्डरपर्यंत सिल्व्हर पेस्ट ओढा. नाहीतर सँपल चार्ज होतं.

बेरियम टायटनेटवर कोबाल्ट? बेरियमची एम-५ ही शोषणाची कड ७८१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, कोबाल्टला चिकटूनच. नुसता सब्स्ट्रेट आधी मोजा.

लोखंडाच्या एल-३ ला फाटा दिसला तर नवं चुंबकत्व सापडलं म्हणून नाचू नका. बहुधा ऑक्साइड आहे.

आणि फक्त फील्ड उलटवून फरक काढायचा, एक्स-रेचं ध्रुवीकरण तसंच ठेवायचं, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. फील्ड बदललं की इलेक्ट्रॉन यील्डही हलतं. दोन्ही उलटवून चारही स्कॅन घ्या. वेळ लागतो, लागू दे.