सोलापूरहून न्यू जर्सीला येणाऱ्यांसाठी : प्रवासाच्या वेळेचा हिशेब

इकडे येण्याची तयारी करणारी आपल्याकडची मंडळी सर्वांत आधी विचारतात ते विमानाचे तास. मुंबई ते न्यू जर्सीतले नेवार्क विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. थेट विमानाला इकडे येताना साधारण सोळा तास लागतात आणि परतताना चौदाच्या आसपास, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे येताना समोरून आणि जाताना पाठीमागून लागतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केल्यावर भारतीय कंपन्यांची काही विमाने वळसा घालून जाऊ लागली. त्यामुळे आधी येऊन गेलेल्या नातेवाइकांनी सांगितलेले तास प्रमाण मानू नयेत, आपल्या तिकिटावरचे पाहावेत.

मात्र तिकिटावर छापलेली वेळ त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. म्हणून जुलैत मुंबईहून रात्री दीडला सुटलेले विमान इथे त्याच तारखेला सकाळी आठला उतरलेले दिसते आणि घरची वडीलधारी माणसे साडेसहा तासांत अमेरिका कशी आली म्हणून कोड्यात पडतात. याहून घातक गोंधळ निघण्याच्या तारखेचा. तिकिटावर 15 तारीख, 1.30 असे असेल तर 14 तारखेला रात्री दहापर्यंत सहारच्या विमानतळावर हजर असायला हवे, म्हणजेच सोलापूर 14 लाच सोडावे लागते. हे वाक्य आईवडिलांच्या तिकिटावर पेनाने लिहून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूर-मुंबई टप्प्यात काटकसर करू नये. वंदे भारत सकाळी लवकर निघून साधारण साडेसहा तासांत पोहोचवते आणि मध्यरात्रीच्या विमानासाठी तीच सोयीची. दादरला उतरून टॅक्सी करावी. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे पोहोचल्यास सामानासह अख्खा दिवस काढावा लागतो. रस्त्याने मुंबई सुमारे 400 किलोमीटर, तर हैदराबाद 300 च्या थोडे पुढे आहे. आखाती देशांत किंवा युरोपात विमान बदलून यायचे असेल तर हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांचे भाडेही पाहावे. विमान बदलताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, कारण पहिल्याला उशीर झाला तर पुढची व्यवस्था करणे कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे स्वस्त पडली तरी ती जोखीम आपली असते.

सोलापूरचे दार ओढून घेतल्यापासून इथले दार उघडेपर्यंत, सगळे वेळेवर झाले तरी, तीस तास सहज जातात. घरी कुणी अचानक आजारी पडले तर तिकीट मिळवण्याचा वेळ त्यात मिळवावा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत आपण पोहोचू शकत नाही, हे निघण्यापूर्वीच घरच्यांना मोकळेपणाने सांगावे. दवाखान्यात सही करू शकेल असा जवळचा एक माणूस सोलापुरातच ठरवून ठेवावा आणि त्याच्याकडे घराची एक किल्ली द्यावी.