ब्रेकची वायर आवळण्याआधी रबर बघा

यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्यात सायकलवर उतरताना दोन्ही हातांची बोटं ब्रेकवरून हलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात लेकीचा ब्रेक सैल लागायला लागला म्हणून मी वायर आवळून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा आवळली. तिसऱ्यांदा पान्हा घेतला तेव्हा ती म्हणाली, "आई, खर्र खर्र वाजतंय." चाकाच्या रिमला दाबून धरणारा ब्रेकचा रबर संपून आतला पत्रा रिमवर घासत होता. जिथे रबरांच्या जोडीवर भागलं असतं तिथे रिम बदलावी लागली. पोर त्या ब्रेकवर घाट उतरत होती हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

रबर झिजला की ब्रेक दाबताना लिव्हर हँडलच्या जास्त जवळ येतो. वायर आवळली की तो जागेवर येतो, पण झिजलेला रबर झिजलेलाच राहतो. म्हणून ब्रेक सैल वाटला की आधी चाकाशी बसा आणि टॉर्च मारून रबर बघा. त्यावर आडव्या खाचा असतात. त्या सपाट होत आल्या की रबर बदला, पूर्ण जायची वाट बघू नका. काही रबरांवर झिजेची रेघ असते, तिच्यापलीकडे जाऊ नका. ब्रेक मारताना भार पुढे येतो, म्हणून पुढच्या चाकाचे रबर नीट बघा. पावसात रिमवरचा चिखल-वाळू काचपेपरसारखं काम करते. मी जून ते सप्टेंबर दर रविवारी बघते.

खाचा शाबूत असल्या तरी रबर चांगला असेलच असं नाही. बरीच वर्षं जिन्याखाली पडून राहिलेल्या सायकलचा रबर दगडासारखा होतो. नख दाबून बघा. वरचा भाग नुसता चकचकीत झाला असेल तर काचपेपरने घासून चालतं, पण आतूनही कडक लागला किंवा चिरा दिसल्या तर काढून टाका. रबरात रिमचे चमचमते कण रुतलेले दिसले तर टाचणीने उपसा, नाहीतर तेच रिम खरवडतात. एका कडेला ओठासारखी धार आली असेल तर रबर वाकडा बसलाय. असा रबर वर सरकून टायरला लागला तर टायर कापतो.

डिस्क ब्रेक (रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला दाबणारा) असेल तर त्यात रबराच्या जागी पॅड असतात, त्यांच्या पत्र्यावरचा थर बघा. एक मिलिमीटरच्या आसपास आला की मी बदलते. त्यावर तेल सांडलं असेल तर जाडी कितीही असो, नवे पॅड घ्या.

एका चाकाचे दोन्ही रबर एकदमच बदला. बाण असेल तर तो चाक फिरतं त्या दिशेला ठेवा. आणि आधी आवळलेली वायर सैल करा, नाहीतर नव्या जाड रबरांमुळे चाक अडकतं. मग घरासमोरच्या सपाट रस्त्यावर दहा-बारा वेळा ब्रेक मारून बघा, त्यानंतरच घाटात जा.