कॅमकॉर्डरला बाहेरचा माईक लावल्यावर खरखर येतेय? असं शोधा

आपल्याकडं गावोगावी सप्ताह सुरू झाले की कीर्तनाचं शूटिंग करणाऱ्या पोरांचे मला फोन येतात, दादा, माईक लावला पण कॅमेऱ्यात नुसता घूंऽऽ येतोय, काय करू. आधी हेडफोन घाल, माझं पहिलं सांगणं हेच असतं. स्क्रीनवरची पट्टी हलतेय म्हणजे आवाज चांगला येतोय असं लई जणांना वाटतं, पण पट्टी खरखरीनं पण हलते, अन् ते घरी गेल्यावर कळून काय उपयोग, कीर्तन काय परत होणार नाही.

आता माईकची पिन काढा अन् कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक ऐका. तो स्वच्छ असेल तर बाहेरच्या माईकची पिन परत लावा, चार्जर काढा अन् कॅमेरा बॅटरीवर चालवा. घूंऽऽ जागच्या जागी बंद झाला तर तो लाईनचा, आपली वीज ५० हर्ट्झची, तिचीच ती गुणगुण. साऊंडवाल्याचा मिक्सर एका बोर्डावर, आपला चार्जर दुसऱ्या बोर्डावर अन् मधे ऑडिओची वायर, असं असलं की हे हमखास होतं, म्हणून भरलेल्या दोन-तीन बॅटऱ्या सोबत ठेवाच. घूंऽऽ घालवायला म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच तोडू नका, सडा मारलेल्या ओल्या जमिनीवर शॉक बसला तर जिवावर बेतेल.

मग पिन बघा. मोबाईलच्या कॉलर माईकला तीन काळ्या रेघा असतात, कॅमकॉर्डरला सहसा दोन रेघांची पिन लागते, तीनवाली थेट लावली की आवाज बारीक येतो, खरखरतो नाहीतर येतच नाही, मधे तीन रेघांचं दोन रेघांत करणारा कन्व्हर्टर लावा. पिन पूर्ण आत दाबून हळूच फिरवा, कडकड आली तर वायर तुटत आलीय. माईकमधे सेल असेल तर नवा टाका.

सूंऽऽ अशी सरसर असेल तर गोष्ट वेगळी. बुवा चरण म्हणून थांबतात, टाळ-पखवाज थांबतो, मंडप गप्प होतो अन् त्या शांततेत सूंऽऽ चढत जातो, बुवा बोलायला लागले की परत दबतो, हे ऐकलंय ना? ही ऑटो लेव्हल, शांतता झाली की कॅमेरा स्वतःच आवाज वाढवत बसतो. मेनूत जाऊन लेव्हल मॅन्युअल करा, बुवांचा आवाज चढला की पट्टी -१२ डीबीच्या (डीबी म्हणजे आवाजाचं माप) आसपास यावी, ० ला टेकू देऊ नका. माईकवर +२० डीबीचं बटण असेल तर ते चालू करून कॅमेऱ्याची लेव्हल खाली आणा, कारण सरसर बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरची असते.

मिक्सरमधून थेट आवाज घेत असाल तर तो लाईन लेव्हलचा असतो, माईकपेक्षा कितीतरी पट तगडा. मेनूत लाईन निवडा, तो पर्याय नसेल तर अटेन्युएटरवाली, म्हणजे आवाजाचा जोर कमी करणारी वायर वापरा, फाटून रेकॉर्ड झालेला आवाज नंतर लेव्हल कमी करून सुधरत नाही.

उघड्यावर वारं असेल तर फोमवर भागत नाही, केसाळ कव्हर घाला अन् लो-कट, म्हणजे खालच्या सुरातली घरघर कापणारी सेटिंग, चालू करा. मोबाईल माईकपासून लांब ठेवा.

एवढं झालं की कीर्तनाच्या आधी, पखवाजवाले पखवाज लावून घेत असतानाच ३० सेकंद रेकॉर्ड करा अन् तिथंच हेडफोनवर परत ऐका, तेव्हा वायर बदलायला वेळ असतो.